ट्रान्झिस्टरची पारख



पूर्वी आपल्या खेड्यांत रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणत. "जरा ट्रान्झिस्टर लाव रे, बातम्या ऐकू," असे आम्हीही म्हणत असू. पण खरा ट्रान्झिस्टर रेडिओच्या पोटात असतो. लहान ट्रान्झिस्टर हरभऱ्याच्या दाण्याएवढा असतो. त्याला तीन पाय असतात. पहिला ट्रान्झिस्टर १९४७ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत तयार झाला. त्या कामाबद्दल बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली यांना १९५६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हा दाणा करतो तरी काय? शेताच्या पाटाला दार असते. हाताने थोडा जोर लावून दार उचलले की पुष्कळ पाणी वाहते. ट्रान्झिस्टरचेही तसेच आहे. त्याच्या 'बेस' नावाच्या पायात थोडी वीज सोडली, की 'कलेक्टर' आणि 'एमिटर' या दोन पायांमधून जास्त वीज वाहते.

रेडिओ बंद पडला, की काही कारागीर अंदाजाने भाग बदलतात. मग गिऱ्हाइकाचे पैसे जातात, आणि रेडिओ मुका तो मुकाच. म्हणून आधी पारख, मग बदल.

पारख करायला साधा डिजिटल मीटर पुरे. पण प्रथम सेल काढा. विजेवर चालणारी वस्तू असेल, तर नवशिक्याने ती एकट्याने उघडू नये. वायर काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. तिचा झटका बसतो. तपासायचा भाग प्लेटवरून सोडवून घ्यावा. प्लेटवर शेजारचे भाग मीटरला फसवतात.

आधी डायोड बघा. त्याला दोनच पाय असतात. एका टोकाला पट्टा असतो. मोटारीचा फूट व्हॉल्व्ह पाणी एकाच बाजूने जाऊ देतो. डायोड विजेला तसेच करतो. मीटरचे बटण डायोडच्या खुणेवर आणा. बाण आणि त्याच्या टोकाला रेघ, अशी ती खूण असते. लाल वायर बिनपट्ट्याच्या पायाला आणि काळी पट्ट्याकडच्या पायाला लावा. १एन४००७ हा डायोड चांगला असेल, तर ०.५ ते ०.७ असा आकडा येतो. काही मीटर तोच ५०० ते ७०० असा दाखवतात. आता वायरी उलट लावा. आकडा येता कामा नये. मीटर 'ओएल' किंवा नुसता १ दाखवील. दोन्ही बाजूंनी शून्याजवळ आकडा आला, तर डायोड गेला. दोन्ही बाजूंनी काहीच आले नाही, तरीही गेला.

आता ट्रान्झिस्टर घ्या. समजा, त्यावर बीसी ५४७ लिहिले आहे. चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली ठेवा. डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे पाय येतात. लाल वायर मधल्या पायाला धरा. काळी आधी एका कडेच्या पायाला, मग दुसऱ्या कडेच्या पायाला लावा. दोन्ही वेळा ०.६ ते ०.७ च्या आसपास आकडा यावा. एमिटरकडचा आकडा किंचित जास्त असतो. वायरी उलट केल्या, की मीटर गप्प. कडेच्या दोन पायांमध्ये तर कशाही लावा, मीटर गप्पच. एकूण सहा वेळा तपासायचे. दोनदा आकडा, चारदा गप्प. असे झाले तर ट्रान्झिस्टर बहुधा चांगला. बीसी ५५७ उलट्या जातीचा आहे. त्याच्या मधल्या पायाला काळी वायर धरावी.

मात्र प्रत्येकाचा बेस मध्येच असतो असे नाही. बीडी १३९ चा बेस कडेला असतो. आणि तीन पाय दिसले म्हणजे ट्रान्झिस्टरच, असेही नाही. ७८०५ लाही तीन पाय असतात, पण तो पाच व्होल्ट वीज कायम ठेवणारा निराळा भाग आहे. म्हणून अंगावरचा नंबर वाचल्याशिवाय हात लावू नका. नंबर इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत असतो. तेवढी अक्षरे ओळखायला शिका. ही विद्या पोट भरील.

शेवटी एक सांगतो. भाग बदलण्यापूर्वी गिऱ्हाइकाला मीटरवरचा आकडा दाखवा. काढलेला भाग त्याच्या हातात द्या. मग पैसे मागा. तो पुन्हा तुमच्याकडेच येईल.