गंजाशी झटापट नको

रत्नागिरीला आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खाऱ्या हवेनं खिडकीचे गज खाल्ले, फाटकाच्या बिजागऱ्या खाल्ल्या, ते आम्हाला दिसलं. मोटारीच्या पोटाखाली काय चाललंय, ते मात्र दिसलं नाही.

गाडीत बसलं की आई म्हणायची, ‘डोकं चढतंय रे.’ आम्ही म्हणायचो, ऊन लागलं असेल, वयही झालं. पुढे गाडीचा आवाज फुटला, तेव्हा वाकून पाहिलं. सायलेन्सरच्या पाइपला सांध्यापाशी भोक पडलं होतं. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो गाडीत शिरला की डोकं दुखतं, मळमळतं. प्रमाण वाढलं तर जीवही जातो. आईचं दुखणं वयाचं नसावं, हे तेव्हा ध्यानात आलं.

सायलेन्सर आतूनही गंजतो. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. लांबच्या प्रवासात पाइप तापून वाफ निघून जाते. बाजारापर्यंतच गाडी नेली, तर तेच पाणी आत साचतं. आमची गाडी बाजारापलीकडे क्वचितच जायची.

रविवारी मी आणि मुलगा पाने घेऊन अंगणात उतरलो. गाडी जॅकवर चढवली. मुलगा खाली सरकणार, तोच मी म्हटलं, ‘थांब, आधी स्टँड लावू.’ ‘बाबा, दोन मिनिटांचं तर काम!’ मी स्टँड आणायला वळलो आणि जॅक मातीत एका बाजूनं रुतून कलंडला. गाडी धाडकन खाली आली. मुलगा बाहेर होता, एवढंच. त्या दिवशी पुढे कोणाचाच हात चालेना.

दुसऱ्या दिवशी गाडी सपाट काँक्रीटवर घेतली. चाकांना अडण लावली, दोन्ही बाजूंना भक्कम स्टँड दिले, आणि गाडी हलवून पाहूनच खाली गेलो. पाइप गार होता. डोळ्यांवर चष्मा होता, कारण गंजाचे कपचे थेट तोंडावर पडतात. नट तारेच्या ब्रशनं घासले, गंज सोडवणारं तेल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पुन्हा तेल. उघड्या तोंडाच्या पान्यानं नटाचे कोपरे झिजतात, म्हणून नेमक्या मापाचा रिंग पाना घेतला. आधी नट किंचित आवळायचा, मग सोडायचा. पुन्हा आवळायचा, पुन्हा सोडायचा. तीन नट असे निघाले. चौथा बधेना, तो करवतीनं कापला. आच द्यायचा मोह टाळला. पेट्रोलची टाकी आणि नळी जवळच असते. रबरी कड्या साबणाच्या पाण्यानं सुटल्या. नवा पाइप बसवताना गॅस्केट आणि नटबोल्टही नवे घातले, आणि सांधा कुठे फुसफुसत नाही ना, हे मेस्त्रींकडून तपासून घेतलं.

मग आईला घेऊन गणपतीपुळ्याला गेलो. परतताना ती मागच्या सीटवर गाढ झोपली. एरवी बरं वाटलं असतं. त्या दिवशी मात्र मी दोनदा गाडी थांबवून तिला हाक मारली.

दुसऱ्या हाकेला ती वैतागून म्हणाली, ‘झोपू दे की रे जरा!’