पहाटेच्या झोपेचा हिशोब



डॉक्टर मित्रमैत्रिणींनो, या परिषदेची अध्यक्ष म्हणून आज एकच आग्रह धरणार आहे. पेशंटला ‘झोप किती तास लागते?’ एवढं विचारून थांबू नका. रात्रीचा कोणता भाग बुडतो, तेही विचारा.

डिसेंबर १९५१. शिकागो विद्यापीठातला विद्यार्थी युजीन ॲसेरिन्स्की याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाला इलेक्ट्रोड लावून झोपवलं. रात्री शेजारच्या खोलीतल्या यंत्राच्या लेखण्या अचानक जोरात हलू लागल्या. मुलगा उठला असं समजून तो आत गेला, तर पोर शांत झोपलेलं होतं. १९५३ साली त्याने आणि त्याचे मार्गदर्शक नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतल्या डोळ्यांच्या जलद हालचालींचा हा शोध प्रसिद्ध केला. तीच आपली रेम झोप. पुढे ल्योंमध्ये मिशेल जुव्हे यांनी मांजरांवर दाखवून दिलं, की या टप्प्यात मेंदू जाग असल्यासारखा चालतो आणि स्नायू मात्र पार सैल पडतात.

रात्रभराचा आलेख तुमच्यापैकी अनेकांनी वाचला आहे. एन-१ ची काही मिनिटं, मग एन-२ मधले अर्ध्या सेकंदाहून थोडे मोठे स्पिंडल, त्यानंतर एन-३ च्या, म्हणजे गाढ झोपेच्या, उंच, संथ लाटा आणि शेवटी रेम. साधारण नव्वद मिनिटांचं हे चक्र रात्रीतून चार-पाच वेळा फिरतं, पण दर वेळी सारखं नसतं. पूर्वरात्री एन-३ चा जोर असतो, पहाटे रेमचा. गाढ झोप दिवसभरच्या जागरणाने साठलेल्या दाबावर चालते. रेमवर मेंदूतल्या घड्याळाची हुकमत मोठी. रात्री अकरा ते सकाळी सात झोपणाऱ्याने पाचचा गजर लावला, तर झोप पाव भागाने घटते. रेमचा मात्र त्याहून बराच मोठा हिस्सा जातो.

पूर्वरात्रही तितकीच मोलाची. १९९४ साली विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये पाहिलं, की धावताना एकत्र चेतलेल्या पेशी नंतरच्या संथ लाटांच्या झोपेत पुन्हा एकत्र चेततात. शिकलेलं पक्कं होण्याची ही एक वाट आहे.

आता आपल्या कामाचं. रेममध्ये घशाचे स्नायूही सैल पडतात, म्हणून अनेकांचा स्लीप ॲप्निया याच टप्प्यात बळावतो. पहाटेआधीच झोपेची तपासणी आटोपली, तर आजार आहे त्याहून सौम्य दिसू शकतो. घाईने तारा काढू नका. केसपेपरवर झोपायची वेळ, उठायची वेळ, घोरणं आणि कामाची पाळी या चार नोंदी करा. त्याआधी झोपेची गोळी लिहू नका.

निवासी डॉक्टरांच्या रात्रपाळ्या लावणाऱ्या वरिष्ठांनाही सांगणं आहे. चहा-कॉफीतलं कॅफिन झोप आणणाऱ्या ॲडेनोसिनची वाट अडवतं, पण साठलेला दाब उतरवत नाही. चहावर रात्र निघते, झोप भरून निघत नाही. ड्युटी संपल्यावर सलग झोपता येईल असं वेळापत्रक आखणं ही मेहेरबानी नव्हे. रुग्णाच्या सुरक्षिततेचा तो भाग आहे. या परिषदेने तसा ठराव करावा, अशी विनंती करून मी थांबते.