रेंज, सर्कल आणि आपली सीमा

(मागच्या गणेशोत्सवात मंडळात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलेला माणूस. पण 'रेंज नाही', 'नेट नाही', 'सर्व्हर डाऊन' हे शब्द दिवसभर कानावर पडतात, आणि लोक तिन्ही एकाच अर्थानं वापरतात. रेंज म्हणजे तुमचा फोन आणि टॉवर यांच्यामधली रेडिओलहर. नेट म्हणजे टॉवरच्या पुढचा रस्ता, बहुतेक जमिनीखालच्या फायबरचा. सर्व्हर म्हणजे त्या रस्त्याच्या टोकाचं, माहिती सांभाळणारं यंत्र. फोनवर चार दांड्या असूनही पहाणी निघत नाही, तेव्हा कुठंतरी जेसीबीनं फायबर तोडलेली असते. समोरच्या कारकुनावर ओरडून उपयोग नाही, हे आपलं माझं स्वार्थी म्हणणं!

आता डिजिटल. आपला आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजायचा आणि प्रत्येक मापाचा ८ बिटांचा आकडा करायचा. झाले सेकंदाला ६४,००० बिट. आवाज दूर जाताना विरतो, खरखर वाढते. आकडा मात्र वाटेत पुन्हा स्वच्छ लिहून पुढं पाठवता येतो. म्हणून ट्रंककॉलसारखं ओरडावं लागत नाही. सी-डॉटचं पहिलं ग्रामीण डिजिटल एक्सचेंज १९८६ साली आपल्याच कर्नाटकात, कित्तूरला बसलं.

आपल्या कामाचा खरा शब्द 'सर्कल'. बिदर कर्नाटक सर्कलमध्ये, उदगीर महाराष्ट्रात, जहीराबाद आंध्र सर्कलमध्ये. लहरींना सीमा कळत नाही. फोन आधी आपल्या सर्कलचा टॉवर शोधतो, तो सापडला नाही की पलीकडचा धरतो. यालाच रोमिंग म्हणतात. पूर्वी औराद, भालकी, आळंदकडची माणसं स्वतःच्या शेतात उभी राहून रोमिंगचे पैसे भरत. ३ जुलै २०१५ पासून सर्कल बदललं तरी नंबर तोच ठेवता येतो. पुण्याला गेलेल्या मुलांची सोय झाली.

पण एक गोष्ट राहिली. १०८ सारखा छोटा नंबर कुठं लागायचा, हे तुमच्या सिमवरून नाही, फोननं धरलेल्या टॉवरवरून ठरतं. सीमेवरच्या गावात आमच्या एका सोयऱ्यांच्या छातीत दुखू लागलं. मुलानं १०८ लावला, तो लागला महाराष्ट्राच्या केंद्रात. यानं गावाचं नाव सांगितलं, त्यांना ते यादीत सापडेना. 'तालुका कोणता? जिल्हा कोणता?' यातच वेळ गेला. शेवटी शेजाऱ्यांच्या जीपनं नेलं. माणूस वाचला म्हणून आज इथं सांगतोय.

तेव्हा फोन लागताच पहिला शब्द राज्याचा: 'कर्नाटक'. मग जिल्हा, तालुका आणि शेवटी गाव. आपण नेमकं उलटं सांगतो. आमच्या आईनं हा क्रम कॅलेंडरच्या पाठीमागं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय, खाली जवळच्या जीपवाल्याचा नंबरही.