होला म्हणजे कोणता होला?

धानाची कापणी आटोपली म्हणजे आपल्या भंडारा जिल्ह्यांत बांध्यांतून सांडलेले दाणे टिपणारे होले जिकडे तिकडे दिसूं लागतात. कोणासही विचारा, तो एकच नांव सांगेल : होला. वस्तुतः त्या एका नांवाखालीं पांच निरनिराळ्या जाती वावरत असतात, आणि त्या वेगळ्या ओळखणें हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हे. आपल्याकडे सर्वपरिचित असलेला कंठीचा होला विसाव्या शतकांत युरोपभर पश्चिमेकडे पसरत गेला आणि 1955 सालीं इंग्लंडांत त्याचें पहिलें घरटें झालें. त्याच देशांतला जुना होला पुढें झपाट्यानें कमी होत गेला. तेथील लोकांनीं दोघांसही नुसतें ‘होला’ म्हटलें असतें, तर एक भरतो आहे आणि दुसरा ओसरतो आहे हें कोणाच्या ध्यानींही आलें नसतें.

ओळखण्याचा आरंभ मानेपासून करावा. ज्याच्या मानेवर मागच्या अंगास काळ्या पट्टीवर पांढरे ठिपके, जणूं बुद्धिबळाचा पट मांडलेला, तो ठिपक्यांचा होला. तलावाच्या पाळीवरील आमराई, ओलसर झाडी हें त्याचें स्थान. त्याहून सडपातळ असा लहान तपकिरी होला गांवठाणांत व कोरड्या माळावर आढळतो. याची तांबुस-काळी नक्षी मानेमागें नसून गळ्यावर पुढें असते, आणि आवाज कोणी मंद हसावें तसा. पाठमोऱ्या पक्ष्यावर पट दिसला तर पहिला, समोरून माळ दिसली तर दुसरा, एवढें मुलांनीं लक्षांत ठेवलें तरी पुष्कळ झालें. रानांतला मोठा होला निराळाच. त्याच्या पंखांवरील पिसांस तांबुस कडा असल्यामुळें खवल्यांचा भास होतो व मानेच्या बाजूस काळ्या-निळसर रेघा असतात. कोक्यासारख्या रानांत, विशेषतः हिवाळ्यांत, तो शोधावा.

खरी पंचाईत उरलेल्या दोघांची. कंठीचा होला फिकट राखी, अंगानें थोराड, आणि मानेमागें काळी अर्धी कंठी. लाल होल्यासही तशीच कंठी असते, परंतु तो सर्वांत लहान. त्याचा नर विटकरी रंगाचा व राखी डोक्याचा असल्यामुळें चुकण्याची भीति नाहीं. मादी मात्र मळकट तपकिरी, आणि तिला पाहून भले भले म्हणतात, हें कंठीच्या होल्याचें पिलूं !

येथें थोडा विचार करावा. कंठीच्या होल्याच्या कोंवळ्या पिलास कंठी फुटलेलीच नसते. तेव्हां लहान अंगाचा आणि स्पष्ट कंठीचा पक्षी दिसला, तर तें पिलूं असणें शक्य नाहीं. शिवाय मादीची शेपटी आखूड असते, शेपटीखालचा भाग पांढुरका असतो. कंठीच्या होल्याचा तोच भाग राखी असतो. जवळपास विटकरी नर बसलेला दिसला, तर निकाल लागलाच म्हणा. आवाजही साक्ष देतो. कंठीचा होला तीन अक्षरीं बोलतो व मधल्यावर जोर देतो. लाल होला घशांतल्या घशांत जलद घुमतो. या माद्या कंठीच्या होल्याच्या खातीं जमा होत राहिल्या, तर लाल होला वाढला कीं आटला हें आपल्या जिल्ह्यांत कधींच कळावयाचें नाहीं.

घरट्यावरून जात ठरविण्याचा नाद करूं नये. सर्वांचीं घरटीं सारखींच, चार काटक्यांचीं आणि इतकीं विरळ कीं खालून अंडीं दिसावीं. अंडींही बहुधा दोन व पांढरीं. 1972 च्या कायद्यानें या पक्ष्यांस संरक्षण दिलेलें आहे, म्हणून तेथें हात घालण्याचें कारण नाहीं.

मीं आपल्या विद्यार्थ्यांस एक वही करावयास लावीत असें : तारीख, ठिकाण, झाड, मान कशी, आवाज कसा. मान दिसली नसेल आणि आवाजही ऐकूं आला नसेल, तर तेथें नुसतें ‘होला’ लिहावें व पुढली जागा मोकळी ठेवावी.