कावळ्याची नजर



मघाशी आत येताना तुमच्या शाळेचं चित्रप्रदर्शन पाहिलं. त्यात एक कावळा आहे. मान जरा तिरकी, डोळा कशावर तरी रोखलेला. त्याच्यापुढून माझा पाय निघेना, कारण मला व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण आठवले. कावळे हा त्यांचा जन्मभराचा जिव्हाळा.

लक्ष्मण म्हैसूरचे, जन्म 1921चा. शाळेत त्यांनी काढलेल्या पिंपळाच्या पानाला गुरुजींनी शाबासकी दिली, आणि आपण चित्रकार होणार हे मुलानं मनात पक्कं केलं. पुढं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टनं प्रवेश नाकारला, तरी हात थांबला नाही. फ्री प्रेस जर्नलमध्ये बाळासाहेब ठाकरे त्यांचे सहकारी होते. मग टाइम्स ऑफ इंडिया, आणि 1951पासून पहिल्या पानावरची त्यांच्या व्यंगचित्राची छोटी चौकट.

त्या चौकटीतला चौकड्यांच्या कोटातला, धोतर नेसलेला कॉमन मॅन कोण, ते तुमच्या आजीआजोबांना विचारा. आधी लक्ष्मण बंगाली, तमिळ, पंजाबी, मराठी अशी सगळी माणसं काढत. रोजच्या घाईत एकेक जण गळत गेला, हा उरला. मंत्री बोलतात, त्याची बायको बोलते. तो फक्त पाहतो. त्याला मुका ठेवणं हे मला लक्ष्मण यांचं सर्वांत मोठं धाडस वाटतं.

मीही बावीस वर्षं एका दैनिकात व्यंगचित्रं काढतोय. रेषा तासाभरात होतात, कल्पनेला दिवस जातो, आणि संध्याकाळी पान लागायच्या आत चित्र द्यावंच लागतं. सुरुवातीला एकदा पुराचं चित्र काढलं. पाहणीला आलेला मंत्री छान साधला होता. पाण्यात उभ्या बाईच्या डोक्यावर मात्र मी नुसता एक गोल काढून गाठोडं उरकलं. चार दिवसांनी सांगलीहून एका वाचक बाईंचं पोस्टकार्ड आलं. एकच ओळ: गाठोड्यात काय होतं ते दिसलं नाही. ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

पुन्हा लक्ष्मण यांच्याकडे येतो. 2003मध्ये त्यांची डावी बाजू लुळी पडली. उजवा हात शाबूत होता. ते पुन्हा काढू लागले. 26 जानेवारी 2015ला पुण्यात त्यांचं निधन झालं.

आता बक्षिसं द्यायची आहेत, म्हणून थांबतो. पण तो कावळा ज्यानं किंवा जिनं काढलाय, त्यानं किंवा तिनं मला नंतर जरूर भेटावं. कावळा कशाकडे पाहतोय, ते मला विचारायचं आहे.