जुनी पद्मिनी, नवे टायर

समोर बसलेले आपले सर आणि बाई, आणि इतक्या वर्षांनी पुन्हा दाटीवाटीनं बसलेले तुम्ही सगळे! संयोजकांनी बजावलं होतं, "कॉम्प्युटरवर बोलू नकोस, लोक झोपतील." म्हणून टायरवर बोलते.

बाबांची १९८२ची प्रीमियर पद्मिनी अजून आमच्याकडे आहे. तुमच्यापैकी काहींनी तिला धक्काही मारलाय. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगपाशी गिअर. तिला स्पोर्ट्स कार म्हणायची हिंमत फक्त बाबांची. इथून जवळच, कुर्ल्याला बनलेली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षं भरल्यावर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. आपल्या वर्गातल्या दोघांच्या शाळेची फी या टॅक्सीनंच भरली, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तर झालं असं, की लेकीला लायसन्स मिळालं आणि तिला चालवायला हीच गाडी हवी. टायरची नक्षी शाबूत होती. महिन्यातून दोनदा पाच गार्डनला फेरी, झिजणार कधी? बाबा म्हणाले, "टायर नवेच आहेत." मी टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचले: ३२११. म्हणजे २०११चा बत्तिसावा आठवडा. गाडी उभी असली तरी रबर कडक होत जातं. दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, टायर काढाच, असं बऱ्याच कंपन्या सांगतात. कडक रबर ओल्या रस्त्याला किती धरतं, याचा प्रयोग लेकीनं जुलै महिन्यात फ्रीवेवर करावा, हे मला चालणार नव्हतं.

मग घ्यायचे कुठले? मूळ माप ५.२०-१४, क्रॉसप्लाय. म्हणजे रुंदी ५.२० इंच, रिम १४ इंच. क्रॉसप्लायमधले धागे तिरपे, एकमेकांना छेदत जातात. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत थेट आडवे, आणि त्यांच्यावर पोलादी पट्टा. त्यामुळे वळणावर बाजू दबली तरी रस्त्याला टेकलेला भाग सपाट राहतो. मिशेलिननं हे १९४९मध्ये बाजारात आणलं, तेव्हा 'नवीन फॅड' म्हणायचीही सोय नाही.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, १७५/६५ घ्या. रुंद, झकास दिसतात." तिथे भूमितीच्या बाई आठवल्या. १७५ मि.मी.चे ६५ टक्के म्हणजे ११४ मि.मी. उंची. ती दुप्पट करून रिमचे ३५६ मिळवले की ५८ सें.मी. व्यास. आमची स्टेपनी मोजली तर ६१. म्हणजे गाडी दीड सेंटिमीटर खाली बसणार आणि काटा साठवर असताना खरा वेग सत्तावन्न. १६५/८०चा व्यास ६२ येतो. हे माप अलीकडच्या स्विफ्टला लागतं, त्यामुळे सहज मिळतं. भार अंक ८५, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. नऊशे किलोच्या गाडीला भरपूर. चाक पूर्ण वळवून पाहिलं, कुठे घासत नाही. ट्यूब मात्र घातलीच. जुन्या रिमला टायरची कड आत सरकू न देणारा उंचवटा नसतो.

बाबांचा तोडगा होता, "आधी पुढचे दोन बदलू." यावर आमचं दोन दिवस भांडण. पुढे रेडियल, मागे क्रॉसप्लाय म्हणजे पुढचं टोक वळणार आणि मागचं घसरणार. ही जोडी सगळ्यांत वाईट. स्टेपनीसकट पाचही एकदम बदलले.

बाबांची तक्रार आहे की पार्किंग करताना स्टिअरिंग जड लागतं. ते खरंच आहे, रुंद रेडियलनं तसं होतं. गाडी "जाडी झाली" असंही त्यांचं म्हणणं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. जुने पाचही टायर अजून आमच्या गॅलरीत आहेत. कुणाला झोपाळ्यासाठी हवे असतील तर घेऊन जा, फक्त बाबा दुपारी झोपलेले असताना या.