चिठ्ठी नसलेली बरणी

आज आम्ही तुम्हाला दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रात नेणार आहोत.

गोष्ट १९२५ ते १९२७ या काळातली. त्या समुद्रात तेलासाठी देवमाशांची बेसुमार शिकार चालली होती. असंच चाललं तर देवमासा उरेल का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून देवमाशाच्या तेलावर कर बसवला आणि त्या पैशातून ‘डिस्कव्हरी’ नावाचं जहाज इंग्लंडहून पाठवलं. जहाजावर ॲलिस्टर हार्डी नावाचे प्राणिशास्त्रज्ञ होते.

देवमाशाचं खाणं कुठे आणि किती आहे, हे त्यांना शोधायचं होतं. ठरलेल्या जागी जहाज थांबायचं. तारेला बांधलेलं जाळं खोल पाण्यात सोडायचं. हे जाळं रेशमी कापडाचं, गिरणीत पीठ चाळायला वापरत तसल्या बारीक विणीचं. तारेवरून एक वजन खाली सोडलं की जाळ्याचं तोंड बंद व्हायचं. मग खोलातले जीव आणि वरचे जीव एकमेकांत मिसळत नसत. जाळं वर आलं की आतले जीव बरणीत काढायचे आणि सडू नयेत म्हणून औषध घालायचं. हे सगळं थंडीवाऱ्यात, डुलणाऱ्या जहाजावर.

पण काम इथे संपत नसे. बरणीत चिठ्ठी टाकायची. जागा, तारीख, वेळ, खोली, सगळं पेन्सिलीने लिहायचं, कारण शाई ओल्यात पसरते. चिठ्ठी नसेल तर दिवसभराची मेहनत वाया. बरणीतला जीव कुठल्या पाण्यातला, हे नंतर कोण सांगणार?

त्या बरण्यांत असायचा क्रिल. दिसायला आपल्या जवळ्यासारखा, फार तर बोटाएवढा. शंभर फुटी निळा देवमासा याच्यावर जगतो, आणि क्रिल जगतो डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळावर.

शिकार मात्र लगेच थांबली नाही. व्यापारी शिकारीवरची बंदी लागू व्हायला १९८६ साल उजाडलं. तोवर तिथले निळे देवमासे अगदी थोडे उरले होते.

हार्डींनी पुढे ‘द ओपन सी’ हे पुस्तक लिहिलं. नागपुरात जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या अदिती पंत यांनी ते वाचलं आणि त्या समुद्राच्या अभ्यासाकडे वळल्या. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्यांनी काम केलं. १९८३-८४ मध्ये त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता भारताच्या तिसऱ्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला गेल्या. भारतीय मोहिमेतून तिथे जाणाऱ्या या पहिल्या स्त्रिया.

मैत्रिणींनो, समुद्र आपल्यापासून लांब आहे, विहीर दाराशी आहे. तिच्यातूनही आपण सगळ्याजणी उपसतो, पण उरलं किती ते कुणी मोजत नाही. दर महिन्याच्या बैठकीच्या दिवशी दोरी सोडून पाणी मोजा. तारीख, विहिरीचं नाव आणि किती हात पाणी, एवढंच गटाच्या वहीत लिहा. दोन-तीन वर्षांची वही हाती असली, तर पाणी कधी जपायचं हे ग्रामसभेत आपल्याला ठामपणे सांगता येईल. विहीर आटल्यावर मोजायला काही उरत नाही. दोरी कोण सोडणार आणि वही कोण लिहिणार, ती दोन नावं येत्या बैठकीतच ठरवा.